उलटं चालायची परवानगी

मापसाहेबांचा डावा गुडघा दुखायला लागला, हे साऱ्या बिल्डिंगला पहिल्याच दिवशी कळलं. मुकाट्याने सोसणाऱ्यांतले ते नव्हतेच. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि प्रत्येक पायरीला साहेब ठणठणीत आवाजात "आई गं" म्हणत. जिन्यात तो गजर सुरू झाला, की तळमजल्यावरचे निवृत्त बस कंडक्टर आतूनच बायकोला सांगत, "साहेब आले बाजारातून."

वजनमापे खात्यात दुकानदारांचे तराजू तपासण्यात त्यांची उभी हयात गेली होती, म्हणून ते मापसाहेब. नोकरी संपली, नाव राहिलं. तपासणीला निघाले की पुढे साहेब आणि मागे वजनांची पेटी घेतलेला शिपाई, अशी चाल त्यांच्या अंगात मुरली होती. घरचं माणूस बरोबर असलं तरी तीत फरक पडत नसे. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा फिरायला निघाली, तेव्हाही साहेब पुढे आणि बायको मागे. साहेब चालता चालता पुढे बघून बोलायचे, बायको मागून "हं" म्हणायची. बराच वेळ "हं" आला नाही, की समजायचं, ती मागे कुठल्या तरी दुकानापाशी थांबलीय. एवढ्यावर त्यांचा संसार चांगला चालला होता.

आता या गुडघ्याने घोळ केला. चिरंजीव दुसऱ्या गावी राहत होते. त्यांनी फोनवर सांगून टाकलं, "बाबा, ते घर विका. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये एक जागा बघून ठेवलीय. लिफ्ट आहे."

"लिफ्ट बंद पडते," साहेब म्हणाले.

"गुडघाही बंद पडतो, बाबा. मी सुट्टीत येतोय. तुम्ही खालपासून वरपर्यंत एकदाही 'आई गं' न म्हणता चढून दाखवा. मग मी पुन्हा विषय काढणार नाही."

साहेबांनी आव्हान घेतलं. या घरातल्या गॅलरीत त्यांची खुर्ची होती. त्या खुर्चीतून समोरच्या किराणा दुकानाचा तराजू थेट दिसायचा. दुकानदारालाही ते ठाऊक होतं, त्यामुळे या गल्लीत इतक्या वर्षांत कोणालाही कमी साखर मिळाली नव्हती. हे सगळं सोडून लिफ्टमध्ये बसायला जायचं, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. लिफ्टमध्ये बसत नाहीत, उभे राहतात, असं बायकोने सांगून पाहिलं. त्याने त्यांचं समाधान झालं नाही.

त्यातून बायको म्हणाली, "बघून यायला काय हरकत आहे? नाही पटली तर नाही."

साहेब तिच्याकडे बघतच राहिले. घरातलंच माणूस फितूर निघावं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. त्या दिवशी त्यांनी चहा निम्मा टाकला. पुढचा आठवडाभर ते गॅलरीत असे बसले, की जणू जप्ती उद्याच येतेय.

गुडघा म्हटलं की शेजाऱ्यांना फार बोलवावं लागत नाही. एकाने शेकायला सांगितलं, दुसऱ्याने बर्फ. दोन्ही सल्ले एकाच संध्याकाळी आले आणि साहेबांनी कोणाचंच मन मोडलं नाही, त्यामुळे गुडघा आधी भाजला आणि मग गारठला. कंडक्टरांचं म्हणणं पडलं, की पुढच्या चाकाचा दोष बहुतेक वेळा मागच्या चाकात असतो, तेव्हा उजवा गुडघा दाखवा. साहेबांनी हसण्यावारी नेलं खरं, पण आंघोळीच्या वेळी उजवा गुडघा दाबून पाहिला.

आणि मग वर्तमानपत्राच्या आरोग्य पुरवणीत ती बातमी आली. गुडघेदुखीवर उलटं चालून पाहा. संशोधकांनी गुडघे झिजलेल्या माणसांना रोज थोडं थोडं उलटं चालवलं, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांना आराम वाटला. मांडीच्या स्नायूंना बळ मिळतं, गुडघ्यावरचा भार जरा वेगळा पडतो, वगैरे. शेवटी लिहिलं होतं, 'मात्र हे अभ्यास लहान आहेत. ठाम निष्कर्षासाठी आणखी संशोधन हवं.'

या शेवटच्या वाक्यावर मापसाहेब भाळले. बाकीचे सगळे छातीठोक सांगत होते. आपल्या मापात चूक असू शकते हे स्वतःहून कबूल करणारा दुकानदार त्यांना अख्ख्या नोकरीत भेटला नव्हता. इथे चक्क संशोधक कबूल करत होते. "ही माणसं खरी," असं म्हणून त्यांनी बातमी कापून ठेवली आणि फिजिओथेरपीवाल्या मॅडमकडे नेली.

मॅडम वयाने लहान होत्या, पण गुडघा असा दाबायच्या, की माणूस खरं बोलू लागे. त्यांनी बातमी वाचली आणि म्हणाल्या, "हो, आम्हीही करून घेतो हे. पण जागा सपाट हवी, हळू चालायचं, सोबत कोणीतरी पाहिजे, आणि मी दिलेले व्यायाम सोडायचे नाहीत."

साहेबांनी यातलं "हो" तेवढं ऐकलं. बायको भिंतीला हात टेकून दाराशी उभी होती. मॅडमनी तिला खुर्ची दाखवली, तर ती म्हणाली, "राहू दे. बसलं की पुन्हा उठावं लागतं." मग तिने बाकीच्या सगळ्या सूचना नीट ऐकून घेतल्या आणि घरी आल्यावर साहेबांना सांगितल्या. ती ऐकत होती तोवर साहेब पुढच्या चौकात पोचले होते.

पहिला प्रयोग घरातच झाला. स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत साहेब झोकात उलटे गेले आणि वाळत घालायला काढलेल्या ओल्या कपड्यांच्या टबात बसले. टब मोठा होता, बसणंही नीट झालं. निघणं जमेना. बायकोने ओढून काढलं तेव्हा ते म्हणाले, "जागा अपुरी आहे. सरकारी प्रयोगशाळा असती तर असं झालं नसतं."

दुसऱ्या प्रयोगाला त्यांनी कंडक्टरांना मदतीला घेतलं. आयुष्यभर बस मागे घेताना ज्याने खाली उतरून हात दाखवला, त्याच्याइतका लायक माणूस कुठे मिळणार? कंडक्टर खूश झाले. त्यांनी जुनी शिट्टी शोधून काढली. बिल्डिंगच्या आवारात साहेब पाठमोरे निघाले आणि कंडक्टर खड्या आवाजात, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या." आवाज ऐकून लोक खिडक्यांत आले. साहेबांची छाती थोडी फुगली. एवढ्यात फाटकावर सिलिंडरवाला आला. कंडक्टरांनी सवयीने वळून त्यालाही "येऊ द्या" म्हटलं आणि त्याच्याशी बोलत उभे राहिले. साहेब येतच राहिले. फाटकाला सकाळीच हिरवा रंग दिला होता.

साहेबांचा पांढरा शर्ट मागून पट्ट्यापट्ट्यांचा झाला. वरच्या मजल्यावरून कोणीतरी म्हणालं, "छान दिसतोय." साहेबांनी वर पाहिलं नाही. नोकरीत असताना भल्या भल्या व्यापाऱ्यांनी त्यांच्यापुढे मान खाली घातली होती. त्या माणसाने पाठीवर फाटक घेऊन तीन जिने चढायचे, हे काही ठीक झालं नाही. कंडक्टरांनी माफी मागितली. रिव्हर्स घेताना बसचे आरसे बघायचे असतात, साहेबांना आरसे नाहीत, असंही ते म्हणाले. ही माफीतली भर साहेबांना आवडली नाही.

मग उरली बाग. सरकारी बागेत गोल, सपाट, सिमेंटची वाट होती. उलटं चालायला अशी जागा शोधून सापडली नसती. तिथे पाटी होती: 'सर्वांनी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने चालावे.' साहेब पाट्या पाळणारे होते. त्यांनी आपली पाठ काट्यांच्या दिशेला केली आणि हळूहळू निघाले. निम्मी फेरी होते न होते तोच शिट्टी वाजली.

"साहेब, उलट्या दिशेने चालायला मनाई आहे," वॉचमन म्हणाला.

"मी सरळ दिशेनेच चाललोय. माझे पाय बघा."

"पाय नाही. तोंड बघायचं. तुमचं तोंड उलट्या दिशेला आहे."

"माणूस तोंडाने चालतो का?"

"आम्ही तोंडच बघतो, साहेब. पायांकडे कोण बघतं?"

बघ्यांत दोन तट पडले. एका आजोबांच्या मते पाय खरे. एका बाईंच्या मते बैलगाडीत बैलाचं तोंड बघतात. साहेबांना बैलाशी झालेली तुलना खटकली, पण तत्त्वाचा प्रश्न मोठा होता. वॉचमन वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "ऑफिसातून परवानगी आणा. मग तुम्ही कोलांट्या मारत गेलात तरी मी बघणार नाही."

मापसाहेबांना एवढंच हवं होतं. ऑफिस म्हटलं की त्यांचं रक्त तरुण होई. दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचे कपडे घालून उद्यान विभागात हजर झाले. तिथल्या क्लार्कने विनंती शांतपणे ऐकली आणि चष्मा पुसला.

"धावण्याची परवानगी आहे. कुत्र्याची आहे. शूटिंगची आहे. उलटं चालण्याची नाही."

"म्हणजे बंदी आहे?"

"बंदीही नाही. विषयच नाही."

"मग विषय काढा," साहेब म्हणाले. स्वतः त्यांनी नोकरीत असे कितीतरी विषय काढले होते.

क्लार्क जातिवंत होता. त्याने खालच्या टेबलाला विचारलं, वरच्या टेबलाला विचारलं, मधे जेवणाची सुट्टी झाली. संशोधनाचं कात्रण सगळ्या टेबलांवरून फिरलं. एका साहेबांचाही गुडघा दुखत होता, त्यांनी ते जरा जास्त वेळ ठेवून घेतलं. दुसऱ्या खेपेला रबरी शिक्का सापडेना. तिसऱ्या खेपेला शिक्का होता आणि क्लार्क रजेवर. साहेबांच्या गुडघ्याने ऑफिसच्या पायऱ्यांवर जेवढा त्रास घेतला, तेवढा घरच्या जिन्यावरही घेतला नव्हता. पण मनातून त्यांना बरं वाटत होतं. कुठेतरी आपलं काम चालू आहे, कोणीतरी आपल्याला "उद्या या" म्हणतंय, यात निवृत्त माणसाला जे सुख असतं ते नोकरीवाल्यांना कळायचं नाही.

शेवटी तोडगा निघाला तो वाहनांच्या नियमातून. बागेत कचऱ्याची गाडी मागे घेताना एक मदतनीस लागतो. तोच नियम साहेबांना लागू झाला. दिशा पायांवरून धरावी, मात्र अर्जदाराकडे तोंड करून एक मदतनीस सतत चालत असावा. मदतनिसाच्या जागी क्लार्कने परस्पर 'पत्नी' घातलं होतं.

"कंडक्टर चालणार नाहीत का?" साहेबांनी विचारलं.

"चालले असते," क्लार्क म्हणाला. "तुमच्या शर्टाची गोष्ट इथवर आलीय."

बायको आधी नाही म्हणाली. घरात कामं आहेत, मला जमणार नाही, तुम्ही दुसरं कोणी बघा. साहेबांना वाटलं, हिला आपला गुडघा बरा व्हायलाच नको आहे, लिफ्टची ओढ लागलीय. तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. तिने पायांत चपला सरकवल्या आणि म्हणाली, "चला."

आणि अशी मापसाहेबांची उलटी चाल एकदाची कायदेशीर झाली. ते पाठमोरे चालत, ती त्यांच्याकडे तोंड करून येई आणि सांगत राही. "जरा डावीकडे. आता सरळ. थांबा, मूल आहे. गेलं. या." तिच्या आवाजात शिट्टी नव्हती की घाई नव्हती. साहेब एकदाही कशावर आदळले नाहीत. आठवड्याभरात वॉचमन त्यांना सलाम करू लागला.

साहेब नेहमीप्रमाणे बोलत होतेच. फक्त आता बोलताना समोर बायकोचा चेहरा होता, आणि हे त्यांना नवीन होतं. तिचे "हं" इतकी वर्षं त्यांना सगळे सारखे वाटायचे. आता कळलं, की त्यांत बरेच प्रकार आहेत. दुहेरी तळाच्या तराजूची त्यांची लाडकी गोष्ट ते सांगू लागले, तर ऐन रंगात आल्यावर तिने डोळे फिरवले.

"हे काय?" साहेब थबकले.

"काय?"

"तू डोळे फिरवलेस."

"या जागी मी नेहमीच फिरवते," ती म्हणाली. "चला, थांबू नका."

साहेबांना आधी राग आला आणि मग हसू आलं. ती हसली की तिच्या उजव्या गालावर बारीक खळी पडते, हेही त्यांना पुन्हा दिसलं. लग्न ठरलं तेव्हा याच खळीमुळे त्यांनी होकार दिला होता. नंतर ती मागे राहिली, खळीही मागे राहिली. ते मनापासून खूश झाले, आणि त्या खुशीत त्यांनी बातमीतल्या संशोधकांनाही मनोमन श्रेय देऊन टाकलं. गुडघ्यालाही थोडा उतार पडू लागला होता. जिन्यात आता दोन पायऱ्यांआड एक "आई गं" पुरत असे.

आणि मग एका सकाळी त्यांना दिसलं.

कुठलं पारडं केसभर खाली जातंय, हे बघण्यात या माणसाचं आयुष्य गेलं होतं. भल्याभल्यांची चलाखी त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. त्यांनी पाहिलं, की बायको उजवा पाय टेकवते तेव्हा तिचा खांदा त्या बाजूला जरासा खाली जातो, आणि त्याच वेळी ती खालचा ओठ दाताखाली धरते. एकदा वाटलं, भास असेल. साहेबांनी बोलणं थांबवलं आणि नुसतं बघत राहिले. प्रत्येक उजव्या पावलाला खांदा जात होता. प्रत्येक उजव्या पावलाला ओठ.

ते उभे राहिले. "केव्हापासून?"

"काय केव्हापासून?"

"गुडघा."

ती इकडेतिकडे बघायला लागली. "आहे थोडा. तुमच्या आधीपासूनचा."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. जिन्यातच बोलले होते. तुम्ही तेव्हा वर पोचला होतात."

साहेबांची नजर तिच्या गुडघ्यावर गेली.

"मग तुमचं सुरू झालं," ती सहज म्हणाली. "एका घरात दोन दोन 'आई गं' कशाला?"

मापसाहेब शेजारच्या बाकावर बसले आणि तिलाही हाताला धरून बसवलं. त्यांना फार वाईट वाटलं. गल्लीतल्या कोणाची चमचाभर साखर त्यांनी कमी पडू दिली नव्हती, आणि ही बाई रोज पिशव्या घेऊन तीन जिने त्यांच्या मागून चढत होती. तिला खुर्चीत का बसायचं नव्हतं, लिफ्टचं घर का बघायचं होतं, बागेत यायला ती नको का म्हणत होती, सगळं एकदम उलगडलं. आणि आपण तिला मनातून फितूर ठरवलं होतं.

त्यांनी खिशातून फोन काढला. "अरे, ती लिफ्टची जागा आहे का अजून?"

पलीकडे चिरंजीव घाबरले. "बाबा, फार दुखतोय का गुडघा?"

"माझा बरा आहे. आईचा दुखतोय."

"आईचा? आई कधी बोलली नाही."

"बोलली होती," साहेब म्हणाले. "ऐकायला जवळपास कोणी नव्हतं."

बायकोने फोन त्यांच्या हातून घेतला. "तू ह्यांचं काही ऐकू नकोस, भावनेच्या भरात आहेत. जागा मी बघणार आहे. गॅलरी आहे का ते विचार. आणि गॅलरीतून एखादं किराणा दुकान दिसलं पाहिजे, नाहीतर हे दिवसभर माझी आमटी मोजतील."

घरी परतताना जिन्यापाशी साहेब बाजूला झाले आणि म्हणाले, "तू पुढे हो." तिला ते नवीनच होतं. ती कठड्याला धरून, ओठ चावत चढू लागली. पिशवी हातात घेऊन साहेब तिच्या मागे. अर्ध्या जिन्यात त्यांना राहवेना. "अगं, म्हण की मोकळेपणी. मी इथेच आहे."

ती संकोचली. मग पुढच्या पायरीवर तिने चांगला लांबलचक "आई गं" म्हटला. इतक्या दिवसांचा साठलेला होता, घुमला मस्त. तळमजल्यावर कंडक्टर बायकोला म्हणाले, "साहेबांचा आवाज बसलाय वाटतं."

फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी दुसऱ्या दिवशी तिचाही गुडघा दाबला. तिलाही व्यायाम दिले, तिलाही उलटं चालायला हरकत नाही म्हणाल्या, आणि या खेपेला सोबतीच्या सूचना साहेबांनी सगळ्या ऐकल्या. एक परत सांगायला लावली.

बागेत एक फेरी साहेबांची झाली. पाटीपाशी आल्यावर दोघं थांबली. वळायची गरजच नव्हती. ती तशीच, त्यांच्याकडे तोंड करून मागे निघाली, आणि साहेब तिच्याकडे बघत पुढे. शिट्टी वाजली. वॉचमन धापा टाकत आला. "साहेब, आता तर दोघांचे पाय उलटे चाललेत. काट्यांच्या विरुद्ध."

"पाय?" साहेब म्हणाले. "तुम्ही तर तोंड बघता ना? मग तिचं तोंड बघा. आहे की नाही बरोबर दिशेला?"

"तिचं आहे. तुमचं?"

"माझं सोडा. मी मदतनीस आहे."

वॉचमनने डोकं खाजवलं, एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे, आणि शिट्टी खिशात टाकली. आयुष्यात पहिल्यांदाच मापसाहेबांनी एक पाटी मोडली होती, आणि त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही.

"मागे काय आहे हो?" तिने विचारलं.

त्यांनी नीट बघून घेतलं. "काही नाही. ये बिनधास्त."

ती निघाली आणि बोलू लागली. नव्या जागेत कपाट कुठे ठेवायचं, जुनी भांडी कोणाला द्यायची, सून काय म्हणाली, सून तसं का म्हणाली, या सगळ्यावर तिच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. साहेब तिच्या पावलांवर नजर ठेवून "हं" म्हणत राहिले. सुनेच्या गोष्टीला मध्येच डोळे फिरवावेत असं त्यांना एकदा फार वाटलं. पण ती समोरच बघत होती.